शिकारीच्या जमिनीवरचा पाऊस ॲपवर चुकीचा दिसतो तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

टेक्ससमध्ये बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे आणि हरणांची शिकार तिथे मोठ्या प्रमाणावर हंटिंग लीजवर चालते. म्हणजे आपल्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क मालक हंगामापुरता किंवा वर्षभरासाठी भाड्याने देतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा व्यवहारच उरलेला नाही, त्यामुळे अनेक मराठी वाचकांना तो अपरिचित वाटेल. परंतु ऑस्टिन, सॅन अँटोनिओ किंवा ह्यूस्टनमध्ये स्थायिक होऊन हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्ससच्या डोंगराळ पट्ट्यात, दोन-चारशे एकर घेतलेल्यांना पुढची अडचण नेमकी ठाऊक असेल. जमीन घरापासून दोन-तीन तासांवर असते. तिथे पाऊस किती झाला यावर हरणांना चरायला राखलेले ओट्स आणि गव्हाचे तुकडे, म्हणजे फूड प्लॉट, कधी पेरायचे, लीजवरच्या शिकाऱ्यांना या शनिवारी आतल्या कच्च्या वाटेने गाडी नेऊ द्यायची की नाही, आणि गुरांच्या तळ्यात पाणी आले असेल का, हे सगळे अवलंबून असते. म्हणून फोनवर पावसाचे ॲप घेतले जाते, त्याच्या नकाशात जमिनीवर पिन, म्हणजे जागेची खूण, टोचली जाते, आणि काही आठवड्यांतच तक्रार येते की ॲप खोटे बोलते आहे.

ओळखीच्या अनेकांच्या जमिनींसाठी ही तक्रार मी पुन्हा पुन्हा सोडवली आहे. ॲप बंद पडले आहे किंवा आकडा मनाने रचते आहे, असे त्यांत क्वचितच आढळते. बहुतेक वेळा आकडा खरा असतो, पण तो दुसऱ्या जागेचा, दुसऱ्या वेळेचा किंवा वेगळ्या प्रकारचा असतो. ॲप बदलण्यापूर्वी किंवा जमिनीवर महागडे यंत्र बसवण्यापूर्वी या तीन शक्यता निकालात काढणे आवश्यक आहे, कारण पिनच चुकलेली असेल तर नवे ॲपही त्याच चुकीच्या जागेचा पाऊस दाखवणार.

लक्षणे

सर्वांत जास्त ऐकू येणारे लक्षण म्हणजे ॲपवर दीड इंच पाऊस आणि प्रत्यक्ष जमिनीवर उडणारी धूळ. याच्या उलटही घडते: ॲप शून्य दाखवते आणि फाटकातून आत शिरताच चाके चिखलात रुततात. तिसरे लक्षण तारखेचे आहे. पाऊस शनिवारी संध्याकाळी पडल्याचे शेजारी सांगतो, पण ॲपमध्ये तो रविवारच्या खात्यात दिसतो. चौथे लक्षण लोकांना सर्वाधिक अस्वस्थ करते, ते म्हणजे काल पाहिलेला आकडा आज बदललेला असतो. पाचवे, एकाच पिनवर दोन ॲप दोन वेगळे आकडे देतात. सहावे, आकडा बरोबर असतो, पण पावसाची सूचना फोनवर येतच नाही. आणि ज्यांनी जमिनीवर स्वतःचे स्वयंचलित यंत्र बसवले आहे त्यांच्याकडे सातवे लक्षण दिसते: पाऊस थांबून कित्येक तास झाले तरी यंत्र थेंब थेंब पाऊस नोंदवत राहते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट लिहून काढावी: हा फरक नेहमीच पडतो की विशिष्ट ऋतूत, आणि आकडा नेहमी जास्त येतो की नेहमी कमी. वर्षभर, कुठल्याही दिशेने पडणारा फरक बहुधा पिन किंवा तारखेचा असतो. मे महिन्यातल्या गारांच्या वादळात जास्त आणि डिसेंबरच्या रिपरिपीत कमी, अशी ठरावीक चाल दिसली तर कारण रडारमध्ये असते. एवढ्या एका टिपणाने निम्मी तपासणी वाचते.

पिन कुठे आहे ते आधी पाहावे

याला एक पैसा लागत नाही आणि सर्वाधिक तक्रारी इथेच संपतात. ग्रामीण भागातला पत्ता ॲपमध्ये टाकला तर पिन बहुधा काउंटी रोडवरच्या टपालपेटीपाशी पडते, आणि पत्ता ओळखता आला नाही तर ती त्या टपाल विभागाच्या मध्यावर किंवा जवळच्या गावात जाऊन बसते. तिथून जमिनीचा फूड प्लॉट कित्येक किलोमीटर दूर असू शकतो. उन्हाळ्यातल्या वळवासारख्या सरीत तेवढे अंतर म्हणजे मुसळधार आणि कोरडे यांतला फरक. त्यामुळे पत्ता न टाकता उपग्रहचित्र उघडावे, तळे किंवा फूड प्लॉटचा हिरवा पट्टा डोळ्यांनी ओळखावा आणि पिन तिथे ठेवावी.

अक्षांश-रेखांश हाताने टाकले असतील तर आणखी एक चूक शोधावी. जमिनीच्या जुन्या नकाशावर ते अंश आणि मिनिटांत लिहिलेले असतात आणि ॲपला ते दशांशात हवे असतात. हिल कंट्रीतल्या लानो गावाचा अक्षांश ३० अंश ४५ मिनिटे आहे. एका अंशात साठ मिनिटे असल्यामुळे दशांशात तो ३०.७५ होतो, पण घाईत ३०.४५ असा टाकला जातो, आणि पिन जवळजवळ ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. तिथेही तीच ओकची झाडे, तेच खडकाळ माळ दिसतात, म्हणून नकाशाकडे पाहूनही ही चूक चटकन ध्यानात येत नाही. रेखांशापुढचे उणे चिन्ह विसरले तर मात्र ती लपत नाही, कारण पिन थेट पूर्व तिबेटच्या डोंगरांत जाते.

जमीन मोठी असेल तर एक पिन पुरत नाही. बरीच ॲप नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एकच आकडा देतात; त्यांतली सूक्ष्म चौकट साधारण एक किलोमीटर लांबी-रुंदीची, म्हणजे सुमारे २४७ एकरांची असते. जुन्या पद्धतीची चौकट चार किलोमीटरची, म्हणजे जवळजवळ चार हजार एकरांची. ओळीने पसरलेल्या हजार एकरांवर वरच्या फाटकाजवळ, मधल्या फूड प्लॉटवर आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला अशा तीन पिना ठेवाव्यात. ओढ्यासाठी पिन वरच्या अंगाला का, तर क्रॉसिंगवर, म्हणजे वाट ओढा ओलांडते तिथे, येणारे पाणी तुमच्या जमिनीवर पडलेल्या पावसाचे नसते. ते वरच्या खोऱ्यातले असते.

ॲपचा दिवस कधी संपतो

ज्यांनी भारतीय हवामान खात्याचे आकडे पाहिले आहेत त्यांना माहीत असते की तिथला चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या दिवसाच्या नावावर मांडतात. अमेरिकेतही पावसाचा दिवस मध्यरात्रीला संपतोच असे नाही. नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकी हवामान खात्याच्या दैनिक पावसाच्या नकाशाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी १२ ला संपतो. मध्य टेक्ससमध्ये ती वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे सकाळी ७ ची आणि हिवाळी घड्याळाप्रमाणे सकाळी ६ ची असते. शनिवारी संध्याकाळी पडलेला पाऊस या हिशेबात रविवारच्या तारखेला जमा होतो, आणि त्यात चूक काही नाही. काही ॲप मात्र स्थानिक मध्यरात्र धरतात, तर काही ‘गेल्या २४ तासांत’ असे दाखवतात, म्हणजे प्रत्येक तासाला मागचा एक तास गळून पुढचा मिळतो. दोन ॲपमध्ये फरक दिसला की आधी दोन्हींच्या सेटिंगमध्ये दिवसाची व्याख्या शोधावी आणि तुलना एका दिवसाची न करता पूर्ण आठवड्याची करावी. आठवड्याची बेरीज जुळत असेल, तर भांडण पावसाचे नसून घड्याळाचे आहे.

इथे नोव्हेंबरचा एक बारकावा आहे. टेक्ससमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा सर्वसाधारण हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, आणि घड्याळे त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. म्हणजे बहुतेक वर्षी हंगामाच्या दुसऱ्याच दिवशी पावसाचा दिवस सातऐवजी सहाला संपू लागतो. हंगामाच्या पहिल्या आठवड्यातल्या पहाटेच्या सरीबद्दल वाद उद्भवला, तर हे आधी आठवावे.

एककही याच वेळी पाहून घ्यावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ज्यांचा फोन भारतीय पद्धतीने लावलेला असतो त्यांना ॲप मिलिमीटरमध्ये आकडा देते, आणि लीजवरच्या शिकाऱ्याला तो जसाच्या तसा कळवला तर भलताच गोंधळ उडतो.

आकडा अंदाजाचा की झालेल्या पावसाचा

पुष्कळ ॲप एकाच आलेखात मागचा पाऊस आणि पुढचा अंदाज सलग दाखवतात, आणि दोन्हींतला रंगांचा फरक उन्हात फोन धरल्यावर दिसत नाही. सकाळी पाहिलेले ‘आज १.२ इंच’ हे पडलेल्या पावसाबद्दल होते की पडू शकणाऱ्या पावसाबद्दल, हे प्रत्येकाने एकदा नीट वाचून घ्यावे. मी तर अंदाजाचा भाग सेटिंगमधून बंदच करायला सांगतो, कारण नोंदवहीसाठी त्याचा काही उपयोग नाही आणि घोटाळा मात्र तोच करतो.

काल पाहिलेला आकडा आज बदलला, या तक्रारीचे उत्तरही इथेच आहे. पहिला आकडा निव्वळ रडारवरून काढलेला असतो. नंतर त्या भागातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी येतात, रडारचा आकडा त्यांच्याशी ताडून सुधारला जातो, आणि टेक्ससच्या मोठ्या भागासाठी फोर्ट वर्थ येथील वेस्ट गल्फ रिव्हर फोरकास्ट सेंटरमधले तज्ज्ञ त्यावर हात फिरवतात. ज्या ॲपमध्ये सुधारित आकडे घेतले जातात त्यात कालचा पाऊस आज थोडा वर-खाली होणारच. हा दोष मानू नये; सुधारलेला आकडाच वहीत लिहावा. निर्णय तातडीचा नसेल तर पावसानंतर एक दिवस थांबून नोंद करणे चांगले.

सूचना येत नसतील तर

हा भाग लवकर उरकण्यासारखा आहे. ॲपमध्ये सूचनेची मर्यादा किती ठेवली आहे ते पाहावे. अर्ध्या इंचाची मर्यादा असेल तर ०.४ इंचाला फोन गप्पच राहील. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला सूचना पाठवण्याची परवानगी आहे का ते पाहावे, अँड्रॉइडवर बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ते ॲप बाहेर काढावे, आणि आयफोनवर फोकस मोडमध्ये ते अडवले गेलेले नाही याची खात्री करावी. एवढे करूनही सूचना येत नसेल तर ॲप काढून पुन्हा बसवावे, पण त्याआधी पिनांचे अक्षांश-रेखांश आणि जुन्या नोंदी बाहेर उतरवून घ्याव्यात, कारण काही ॲपमध्ये त्या फक्त फोनवरच साठलेल्या असतात.

शेजारच्या नोंदींशी ताडून पाहणे

इथपर्यंत सगळे ठीक असेल तर आता पैसे न खर्चता दुसरे साक्षीदार शोधावेत. को-को-राझ हे हौशी पाऊसमापकांचे जाळे १९९७ च्या फोर्ट कॉलिन्समधल्या पुरानंतर, १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झाले आणि आज देशभर पसरले आहे. त्याच्या नकाशावर तुमच्या काउंटीतल्या स्वयंसेवकांचे रोजचे सकाळी सातच्या सुमाराचे आकडे विनामूल्य दिसतात. टेक्सस वॉटर डेव्हलपमेंट बोर्डाचे टेक्समेसोनेट आणि लोअर कोलोरॅडो रिव्हर ऑथॉरिटीचे हायड्रोमेट या दोन जाळ्यांत स्वयंचलित केंद्रांचे ताजे आकडे मिळतात. लानो आणि आसपासच्या काउंट्यांसाठी हायड्रोमेट विशेष उपयोगी आहे, कारण त्यात पावसाबरोबर नद्या-ओढ्यांची पातळीही असते.

जमिनीच्या तिन्ही-चारही बाजूंची केंद्रे पाहावीत, एकाच केंद्रावर विसंबू नये. सगळीकडे पाऊस शून्य असताना ॲप एक इंच म्हणत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. दोन बाजूंना पाऊस आणि दोन बाजूंना कोरडे असेल, तर सर तुमच्या कुंपणावरून गेली आहे. अशा दिवशी ॲपचा आकडा थोडा इकडे-तिकडे असणे स्वाभाविक आहे.

रडार तुमच्या जमिनीपर्यंत कितपत पोहोचते

हा भाग समजून घेतला की उरलेल्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो, म्हणून इथे थोडे थांबतो. ॲपमधला पाऊस जमिनीवर मोजलेला नसतो. रडारचा किरण थेंबांवर आदळून परत येतो, त्या परतीच्या जोरावरून पावसाचा वेग काढला जातो, आणि तो वेळेनुसार बेरजेत मांडला जातो. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या रडारांचा सर्वांत खालचा किरण साधारणपणे अर्ध्या अंशाच्या कोनात निघतो. तो जसजसा दूर जातो तसतसा पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीपासून आणखी वर उठत जातो. १०० किलोमीटरवर त्याचा मध्य जवळपास दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि २०० किलोमीटरवर चार किलोमीटरच्या वर गेलेला असतो.

आता लानोचे उदाहरण घ्यावे. न्यू ब्राउनफेल्सचे रडार तिथून सुमारे १३० किलोमीटरवर आहे आणि ग्रेंजरजवळचे सुमारे १२५ किलोमीटरवर. म्हणजे दोन्ही रडार लानोवरच्या आकाशात पाहतात ते साधारण दोन किलोमीटर उंचीवर, आणि तिथे किरणाची जाडीही तेवढीच झालेली असते. त्या उंचीखाली काय घडते ते त्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात खालची हवा कोरडी असेल तर वर दिसलेला पाऊस जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरून जातो, आणि ‘ॲपवर पाऊस, जमिनीवर धूळ’ हे लक्षण उमटते. डिसेंबर-जानेवारीत बुटक्या ढगांतून दिवसभर रिपरिप चालू असते, पण ते ढग किरणाच्या खालीच राहतात. ॲप शून्य दाखवते आणि काळ्या मातीची वाट मात्र पूर्ण निसरडी झालेली असते. शिकारीचा हंगाम नेमका याच महिन्यांत असल्यामुळे हे दुसरे लक्षण अधिक त्रासाचे आहे. थंडीच्या दिवसांत ॲपवरचे शून्य हे कोरड्या वाटेचे प्रमाण समजू नये.

गारा रडारला फार मोठ्या पावसासारख्या दिसतात, त्यामुळे वसंतातल्या वादळांत आकडा फुगतो. आखातावरून येणाऱ्या उष्ण, दमट हवेतल्या पावसाचे याच्या नेमके उलट असते: त्यात लहान थेंबांची संख्या प्रचंड असते, रडारला ते तितके ठळक दिसत नाहीत, आणि प्रत्यक्ष पाऊस ॲपच्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघू शकतो. २०१३ पर्यंत देशातल्या रडारांना आडवा आणि उभा असे दोन्ही किरण पाठवण्याची सोय झाली आणि थेंबांचा आकार ओळखणे सुधारले, तरी ही उणीव पूर्ण गेलेली नाही.

यावर फोनमध्ये करण्यासारखा काही उपाय नाही. ॲपचे पैसे भरून घेतलेले रूपही त्याच रडारांवर उभे असते. ज्यांच्या तक्रारीची चाल या वर्णनाशी जुळते त्यांनी ॲप बदलण्याच्या मागे लागू नये आणि पुढची पायरी घ्यावी.

जमिनीवर एक साधा पर्जन्यमापक

चार इंच व्यासाचा, पारदर्शक प्लास्टिकचा, हाताने वाचायचा पर्जन्यमापक हा या सगळ्यातला पहिला खर्च आहे, आणि माझ्या मते अखेरचाही असायला हरकत नाही. को-को-राझचे स्वयंसेवक हाच वापरतात. त्याच्या आतल्या नळीचे क्षेत्रफळ वरच्या नरसाळ्याच्या एक दशांश असते, त्यामुळे एक इंच पाऊस नळीत दहा इंच उंच दिसतो आणि इंचाचा शंभरावा भागही डोळ्यांनी वाचता येतो. एक इंचापेक्षा जास्त पाऊस बाहेरच्या भांड्यात सांडतो, आणि सगळे मिळून ११ इंचांपर्यंत पाऊस त्यात मावतो.

तो कुठे लावता यावर सगळे अवलंबून आहे. झाड किंवा ब्लाइंड (शिकाऱ्याची लपून बसायची खोपटी) जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. लाइव्ह ओकखाली लावलेला पर्जन्यमापक आधी कमी दाखवतो आणि पाऊस थांबल्यावर पानांवरून गळणारे पाणी मोजतो. खांबाचा माथा तिरका कापावा आणि भांड्याची कड त्याच्या थोडी वर ठेवावी, नाहीतर लाकडावर आपटलेले थेंब आत उडतात. खांबाभोवती तारेचे छोटे कुंपण हवे, कारण गुरे आणि रानडुकरे खांबाला अंग घासतात आणि एकदा तिरका झालेला मापक कायम चुकीचे सांगतो. गोठवणारी थंडी येणार असेल तर नरसाळे आणि आतली नळी काढून ठेवावी. नळीतले पाणी गोठले की ती तडकते.

मालक तीन आठवड्यांनी जात असेल तर त्या काळात काही पाणी उडून जाते. भांड्यात खनिज तेलाचा पातळ थर टाकला तर ते बरेचसे थांबते, आणि वाचताना तेलाची जाडी वजा करायची असते. याहून सोपी युक्ती म्हणजे शिकाऱ्यांकडे बहुधा असलेला, मोबाइल जाळ्यावर छायाचित्र पाठवणारा ट्रेल कॅमेरा मापकासमोर लावणे. पहाटे सातला एक छायाचित्र येते, नळीवरचे आकडे त्यात वाचता येतात, आणि कोणत्या रात्री किती पडला हे तारखेसह कळते. चारसहा सरींनंतर ॲपचा आकडा आणि नळीचा आकडा शेजारी शेजारी मांडावा. कोणत्या ऋतूत ॲप किती चढते आणि किती उतरते हे त्या कागदावर उमटू लागते, आणि मग ॲप लांबूनही उपयोगी पडते.

स्वयंचलित यंत्र असेल तर

यातल्या बहुतेक यंत्रांत झुलती वाटी असते; ठरावीक पाणी भरले की ती कलते, आणि प्रत्येक कलंडणे म्हणजे ०.०१ इंच पाऊस असे धरले जाते. पाऊस थांबल्यावरही यंत्र मोजत राहिले तर जवळजवळ नेहमी नरसाळे तुंबलेले असते. झाकण काढून पाहावे: भोकाशी पक्ष्याच्या विष्ठेत चिकटलेली ओकची पाने, कोळ्याचे जाळे, किंवा मातीचे घर बांधणाऱ्या गांधीलमाशीने लिंपलेली चिखलाची गोळी सापडते. पाणी वर साचते आणि पाझरत राहते. ते भोक लाकडी काडीने मोकळे करावे, तार वापरू नये, कारण भोकाचा आकार बदलला की पाण्याची धार बदलते. आत हात घालण्यापूर्वी लाल मुंग्या आणि गांधीलमाश्या पाहून घ्याव्यात.

त्यानंतर यंत्र समपातळीत आहे का ते पाहावे, कारण तिरकी वाटी ठरल्यापेक्षा आधी किंवा उशिरा कलते. मग बॅटरी आणि मोबाइल संकेत तपासावे. जोरदार पावसात वाटी कलत असताना काही पाणी न मोजताच निघून जाते, म्हणून मुसळधार सरीत असे यंत्र हाताच्या मापकापेक्षा थोडे कमी दाखवते. तेवढा फरक स्वीकारावा.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

साफसफाई, पातळी आणि बॅटरी यांपलीकडे यंत्र स्वतः खोलू नये. फुगलेली बॅटरी, वीज पडून काळवंडलेली जोडणी, उंच खांबावरचे सौरपॅनेल ही कामे यंत्राच्या विक्रेत्याची किंवा इलेक्ट्रिशियनची आहेत. आतल्या वाटीचे स्क्रू अंदाजाने फिरवले तर यंत्राचे मूळ प्रमाण बिघडते आणि ते पुन्हा लावण्यासाठी मोजून पाणी ओतण्याची पद्धत लागते, जी उत्पादकाकडे असते.

मोठ्या पावसानंतर तळ्याच्या बांधातून पाणी झिरपताना दिसले, तर पावसाचा आकडा शोधण्यात वेळ घालवू नये. कृषी विभागाच्या नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिसच्या स्थानिक कार्यालयाला किंवा धरणांचे काम जाणणाऱ्या अभियंत्याला लगेच कळवावे. फूड प्लॉट पुरेशा पावसानंतरही उगवत नसेल तर ती बाब मातीची आहे, आणि तिच्यासाठी काउंटीतला टेक्सस ए अँड एम ॲग्रीलाइफ एक्स्टेन्शनचा एजंट योग्य माणूस आहे.

चराऊ कुरणाचा पर्जन्य-निर्देशांक विमा घेतलेल्यांनी ॲपचे किंवा स्वतःच्या मापकाचे आकडे घेऊन दावा करायला जाऊ नये. त्या विम्यात पाव अंश लांबी-रुंदीच्या चौकटीतला, नोआ या अमेरिकी सरकारी हवामान-सागर संस्थेच्या आकडेवारीवरून काढलेला निर्देशांकच धरतात; तुमच्या कुंपणाआत काय पडले ते त्यात मोजले जात नाही. शंका असेल तर विमा एजंटशीच बोलावे.

आणि ओढ्यावरच्या क्रॉसिंगचा निर्णय ॲपवर कधीही घेऊ नये. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदीला आलेल्या पुरात शंभराहून अधिक माणसे गेली. त्या खोऱ्यांत पाणी किती वेगाने चढते हे त्या रात्री साऱ्यांनी पाहिले. वाहते पाणी सहा इंच असले तरी प्रौढ माणसाला पाडू शकते, बारा इंच पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते आणि दोन फूट पाणी पिकअप ट्रकही नेते. रडारचा आकडा कमी निघण्याची शक्यता उष्ण, दमट हवेतल्या अशाच पावसात सर्वांत जास्त असते. क्रॉसिंगसाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या (यूएसजीएस) किंवा हायड्रोमेटच्या पाणीपातळीचे आकडे पाहावेत, सार्वजनिक रस्त्यासाठी ड्राइव्हटेक्सस हे रस्त्यांची स्थिती दाखवणारे पान पाहावे, नॅशनल वेदर सर्व्हिसचा पुराचा इशारा असेल तर निघूच नये, आणि लीजवरच्या शिकाऱ्यांना हे हंगामापूर्वी लेखी कळवावे. पाणी आत अडकलेल्या माणसांपर्यंत पोहोचले असेल तर ९११ ला फोन करावा.

वरच्या सर्व तपासण्यांनंतरही फरक राहिला आणि तो कोणत्याच ऋतूच्या चालीत बसत नसेल, तर ॲप बनवणाऱ्यांना लिहावे. त्या पत्रात दशांशातले अक्षांश-रेखांश, पाऊस सुरू झाल्याची आणि संपल्याची जागतिक प्रमाणवेळ, ॲपच्या पडद्याचे छायाचित्र, त्याच वेळेचे मापकाच्या नळीचे छायाचित्र आणि जवळच्या दोन केंद्रांचे आकडे द्यावेत. नुसते ‘तुमचा पाऊस चुकतो’ असे लिहिले तर उत्तरादाखल पिन तपासण्याची सूचना येते. एवढे सगळे जोडले तर तक्रार आकडे हाताळणाऱ्या माणसापर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.